आठ मैल आत जायचं की दोन? एल्कच्या धनुष्य-शिकारीबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डेन्व्हरशेजारच्या ऑरोराला येऊन दीड वर्ष झालं, कोलोराडोचे रहिवासी झालात, हंटर एज्युकेशनचं कार्ड घेतलंत. दोन वर्षं कंपाउंड बोवर (चाकं-दोऱ्यांच्या आधुनिक धनुष्यावर) सराव केलाय आणि ६० यार्डांवर सहातले पाच बाण वाटीएवढ्या जागेत बसतात. सप्टेंबरात एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला गोर रेंज या डोंगररांगेतल्या ईगल्स नेस्ट विल्डरनेसमध्ये (संरक्षित रानात) एकट्यानं पाच दिवस जायचंय, आणि गर्दी नको म्हणून आठ मैल आत. सह्याद्रीत वीस वर्षं भटकलाय, तेव्हा चढाची भीती नाही. आणखी काय तयारी करू?

आठ मैल सोडून द्या. पहिल्या हंगामात गाडीपासून दोन, फार तर अडीच मैल. तयारी किती झाली हे बाण कुठे बसतात त्यावर ठरत नाही. एल्क जिथे पडेल तिथून त्याचं मांस गाडीपर्यंत कसं आणि किती तासांत येईल, त्यावर ठरतं. मी २०११ पासून दर सप्टेंबरात जातो. एवढ्या वर्षांत चार एल्क मिळाले, बाकी वर्षं रिकाम्या हातानं परतलो. त्यात कमीपणा काही नाही. धनुष्यवाल्या शंभरांत दहा-पंधरा जणांच्याच पदरात एल्क पडतो. पण मिळालाच तर काय, हा विचार न करता जाणारे मात्र फार, आणि पहिली तीन वर्षं मीही त्यांच्यातलाच होतो.

हिशेब करू. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे. हाडं काढली तरी नव्वद-शंभर किलो मांस निघतं. मादीचं सत्तरच्या आसपास. पाठीवर एका वेळी पंचवीस-तीस किलो धरा, म्हणजे नराच्या चार खेपा. चारदा बाहेर आणि तीनदा परत आत, असे सात फेरे. गुणिले आठ मैल म्हणजे ५६ मैल, म्हणजे नव्वद किलोमीटर, आणि त्यातले पन्नासेक ओझं घेऊन. यात तंबू, धनुष्य आणि शिंगं धरलेली नाहीत. सप्टेंबरात दुपारचं तापमान वीस अंशांच्या वर जातं आणि मांस तुमच्यासाठी थांबत नाही. हेच दोन मैलांवर असतं तर १४ मैल, म्हणजे दीड-दोन दिवसांचं काम. तेही रडकुंडीला आणतं, पण होतं.

नियमही लक्षात घ्या. कोलोराडोत खाण्याजोगं मांस सोडून येणं गुन्हा आहे. चारही फरे (पुढचे-मागचे पाय, खांद्या-मांडीसकट), पाठीचे दोन पट्टे आणि पोटातले दोन मऊ तुकडे बाहेर यायलाच हवेत, आणि नर की मादी याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहायला हवा. विल्डरनेसमध्ये चाक चालत नाही. सायकल नाही आणि मांस ओढायची दोन चाकांची हातगाडीसुद्धा नाही. १९६४ च्या विल्डरनेस कायद्यात यांत्रिक वाहतुकीला मनाई आहे. तुमची पाठ, नाहीतर घोडा-खेचर. जंगल खात्याचा परवाना असलेले खेचरवाले असतात. त्यांना ऑगस्टमध्येच फोन करून दर आणि अटी विचारून ठेवा; एल्क पाडल्यावर फोन केलात तर ते तीन दिवसांनंतरची वेळ देतील.

आता २०१४ ची गोष्ट. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. मी एका धारेवर, खाली पदरावर (उतारातल्या सपाट टप्प्यावर) आठ-दहा माद्यांचा कळप. एक मादी ३४ यार्डांवर आडवी उभी राहिली. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार. ती उताराच्या दिशेनं पळाली, ऐंशीएक पावलं गेली आणि नाळेच्या, म्हणजे अरुंद घळीच्या, तोंडाशी कोसळली. माझा आतापर्यंतचा सगळ्यात नीट बसलेला बाण. मी एकटाच होतो, खुशीत गाणं म्हणत उतरलो. उतार असा की चढाकडचा हात जमिनीला टेकत होता.

परवान्याचा टॅग फाडला, सुरी काढली, वरचा मागचा पाय खांद्यावर घेऊन मांडीच्या आतून कातडं सोडवायला लागलो, आणि ते धूड सरकलं. आधी वीतभर. मी पाय धरून ठेवला, जणू माझ्या सत्तर किलोंनी ते थांबणार होतं. मग पाय हातातून निसटला आणि मादी चाळीस-पन्नास फूट घसरत जाऊन आडव्या पडलेल्या पाइनच्या ओंडक्यांत रुतली. खालचा मागचा फरा दोन ओंडक्यांच्या बेचक्यात, सगळं अंग त्याच्यावर. दोनशे किलोंना एकटा माणूस हलवू शकत नाही. दोर होता, पण गाडीत. हेडलॅम्पच्या उजेडात वरची बाजू सोडवली, पिशव्यांत भरून झाडाला टांगली. तोवर रात्रीचा एक वाजला होता. खालची बाजू सकाळी दहाला मोकळी झाली. खुब्याच्या सांध्यात सुरी घातली आणि वास आला.

रात्री बाटलीतलं पाणी गोठलं होतं, तरी ही गत. एल्कचं कातडं म्हणजे दुलई. ते अंगावर असेपर्यंत आतल्या जाडजूड मांडीची ऊब हाडापासून बाहेर पडत नाही, आणि सडायला सुरुवात हाडापासून होते. इथले लोक याला बोन सावर म्हणतात. तो फरा मी तरीही पाठीवर घालून बाहेर आणला, सगळ्यांत शेवटी, आणि घरी उघडून कचऱ्यात टाकला. पंचवीस किलो. बाण चुकल्याचं दुःख मला आठवत नाही, या फऱ्याचं अजून आठवतं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक, पंचवीस फूट पॅराकॉर्ड (बारीक, मजबूत दोर) माझ्या कमरेच्या पट्ट्याला असतो, बॅगेत नाही. उतारावर जनावर पडलं की सुरीच्या आधी दोर. शिंगं असतील तर शिंगांना, नाहीतर चढाकडच्या पायाला फास घालून वरच्या जिवंत झाडाला ताणून बांधायचं. मेलेल्या झाडाला बांधू नका, मुळासकट येतं. पोट न फाडता सोडवायची पद्धत शिकून घ्या. वरच्या कुशीचं कातडं पाठीच्या कण्यापासून खाली सोडवायचं, पुढचा फरा, मागचा फरा, पाठीचा पट्टा, मानेचं मांस काढायचं, मग पलटी मारून तेच. मऊ तुकडे शेवटच्या बरगडीमागून हात घालून निघतात. आतडी आतच राहतात आणि उतारावर सगळा राडा होत नाही. सुटलेला प्रत्येक फरा लगेच सुती पिशवीत घालून सावलीत, वारा लागेल असा टांगायचा, ओढ्याजवळ असेल तर उत्तम. धुडापासून शंभर यार्ड तरी दूर, कारण रात्री अस्वल येतं ते आधी आतड्यांवर.

दुसरी म्हणजे लाल रेघ. घरी नकाशावर समोच्च रेषा बघून मी आधीच एक रेघ मारतो: या ओढ्याच्या खाली, या नाळेत बाण सोडायचा नाही. समोर कितीही मोठा नर असो. जखमी एल्क बहुतेकदा उताराकडे जातो, म्हणून रेघ मारताना आणखी दोनशे यार्ड वर सरकवतो. सात वर्षांपूर्वी दोन्ही शिंगांना सहा-सहा टोकं असलेला एक नर रेघेच्या खाली वीस मिनिटं माझ्यासमोर चरत होता. त्या वीस मिनिटांत मी ती रेघ मनातल्या मनात तीनदा पुसली आणि तीनदा पुन्हा मारली.

सह्याद्रीचा अनुभव वाया जाणार नाही. धार, सोंड, खिंड, पदर, नाळ ही भाषा डोळ्यांत असलेला माणूस इथला डोंगर लवकर वाचतो. किंबहुना एल्क शोधायचे तर आपला ‘पदर’ हा शब्द सोन्यासारखा आहे. उत्तरेकडे तोंड करून असलेल्या, स्प्रूस-फरच्या काळ्या झाडीतल्या उतारावर मध्येच एखादा सपाट टप्पा असतो. दिवसा एल्क तिथे बसतात. नकाशावर समोच्च रेषा जिथे जरा विरळ होतात ते बघा.

पण दोन गोष्टी सह्याद्रीत नाहीत. पहिली उंची. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. डेन्व्हरच्या कॅपिटॉलची पायरी १,६०९. म्हणजे तुम्ही रोज कळसूबाईवर राहता आणि तिथून वर चढायला सुरुवात करता. एल्क असतात ते तीन ते साडेतीन हजार मीटरवर, जिथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. ऑरोरात दीड वर्ष काढलंत याचा फायदा आहे, तरी आधी एक-दोन रात्री नऊ हजार फुटांवर झोपा. डोकं ठणकलं, मळमळलं तर गोळी घेऊन वर जायचं नाही, खाली यायचं.

दुसरी गोष्ट पडलेली झाडं. नव्वदीच्या अखेरीपासून पुढची पंधरा वर्षं पाइन बीटल नावाच्या किड्यानं या भागातले लॉजपोल पाइन मारले. ते आता एकावर एक आडवे पडलेत, पत्त्यांचा बंगला कोसळल्यासारखे. पाठीवर तीस किलो असताना असल्या रानातून एक किलोमीटर जायला मला दोन तास लागले आहेत. घसाऱ्यावर उतरायची सवय असलेला गुडघा इथे फसतो, कारण प्रत्येक पावलाला पाय कमरेपर्यंत उचलावा लागतो. उपग्रहाचा फोटो नीट बघा. करड्या काड्या पसरल्यासारखं दिसतं ते रान परतीच्या वाटेत नको.

वाऱ्याबद्दल थोडक्यात, कारण यात पर्याय नाही. पहाटे थंड हवा ओढ्याच्या पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते. ऊन लागलं की साधारण नऊ-दहाला ती उलटते आणि वर चढू लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. त्यामुळे पहाटे खालून वर जायचं आणि हवा उलटण्याआधी कळपाच्या पातळीला आडवं यायचं. उलटण्याच्या त्या अर्ध्या तासात हवा गोल-गोल फिरते, तेव्हा गप बसून राहावं. पावडरची छोटी बाटली गळ्यात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी फुस्स करून बघा. एल्कचे डोळे फसवता येतात, कानही फसतात, नाक कधीच नाही. अंगाचा वास मारणाऱ्या सेंट-किलर फवाऱ्यांवर पैसे घालवू नका असं माझं मत आहे. पाचव्या दिवशी अंगाला जो वास येतो त्याला कुठलाही फवारा पुरत नाही.

आता तुमचे ६० यार्ड. मैदानावर ते कौतुकास्पद आहे. रानात ३५ ची मर्यादा घाला. तुमचा बाण सेकंदाला साधारण २७० फूट जात असेल. ६० यार्ड म्हणजे १८० फूट, म्हणजे सेकंदाचा दोन तृतीयांश वेळ. तेवढ्यात एल्कनं एक पाऊल टाकलं की फुप्फुसावर धरलेला बाण पोटात जातो. ३० यार्डांवर तो वेळ निम्मा. तुम्ही चुकलात असं नाही, एल्क फक्त चालला. पण रात्रभर तडफडणार तो.

उताराचं गणित वेगळं. रेंजफाइंडर (अंतर मोजायची दुर्बीण) डोळ्यांपासूनचं तिरकं अंतर दाखवतो, बाणाला लागतं ते आडवं अंतर. ३५ अंशांच्या उतारावर ४० यार्ड दिसले तरी नेम ३३ चा धरायचा, वर मारा किंवा खाली. हल्लीचे रेंजफाइंडर कोन धरून आकडा देतात, तो मोड चालू आहे ना ते बघा. धनुष्य ओढताना हात खाली-वर करायचा नाही, कमरेतून वाकायचं. आणि साइटवरच्या (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनावरच्या) पाण्याच्या बुडबुड्याकडे बघायची सवय करा. उतारावर आडवं उभं राहिलं की डोळा जमिनीला सपाट समजतो, धनुष्य नकळत कलतं आणि बाण बाजूला जातो. क्लबच्या मैदानावर हे कळणारच नाही. एखाद्या टेकडीवर थ्री-डी टार्गेट, म्हणजे जनावरांचे पुतळे, मांडलेल्या रेंजवर दोन-चार रविवार घालवा, एक पाय गुडघाभर वर ठेवून, बॅग पाठीवर घेऊन, धावत चढून आल्या-आल्या.

जनावर आडवं किंवा किंचित पाठमोरं असेल तरच सोडा. बाण लागल्यावर तिथेच बसा, घड्याळ बघा. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस. अर्धा-पाऊण तास पुरे. काळसर लाल असेल तर यकृत, चार-सहा तास थांबा. बाणाला हिरवट घाण आणि आंबूस वास असेल तर पोट. आठ ते बारा तास, म्हणजे संध्याकाळ असेल तर सकाळीच. घाई केलीत तर एल्क उठतो आणि पुढच्या डोंगरावर जाऊन मरतो, तुमच्या लाल रेघेच्या कितीतरी खाली.

हवामानावर एकच उदाहरण. ५ सप्टेंबर २०२० ला डेन्व्हरला १०१ अंश फॅरनहाइट होतं. ८ तारखेला तिथे बर्फ पडत होता. सुती कपडा एकही नको, बनियनसुद्धा. दुपारी ढग दाटले की धारेवरून उतरा. विजा चमकत असताना कार्बनच्या बाणांचा भाता घेऊन कड्यावर उभं राहण्यात काही अर्थ नाही.

एकट्यानं जाऊ का, याचं उत्तर ‘पहिल्या वर्षी नको’ असं आहे. हातात वस्तऱ्यासारखी सुरी, रात्र, उतार, थकवा. मी एकदा डाव्या तळहाताला सात टाके घालून घेतलेत. पण सोबत येणारा शिकारीच हवा असं नाही. माझ्याकडे दोन मित्र ‘फोनवर’ असतात, आमच्या ढोल पथकातले. ढोल कमरेला बांधून चार तास नाचणाऱ्या माणसाला फरा वाहता येतो. उपग्रहावरून मेसेज गेला की ते रात्री निघतात, पहाटे ट्रेलहेडला, पायवाट सुरू होते तिथे, पोचतात. दोघे असले की प्रत्येकी दोनच खेपा. मोबदल्यात खिमा. एल्कच्या खिम्याला चरबी नसते, तेल हात सैल सोडून घालावं लागतं, एवढं त्यांच्या घरी सांगून ठेवलंय.

यावरून आठवलं, तारखा. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरभर असतो आणि आपले गणपती बहुतेक वर्षी त्यातच येतात. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, अनंत चतुर्दशी २५ ला. नर एल्कचं बुगलिंग, ती शिट्टीसारखी चढत जाणारी आरोळी, २० तारखेच्या आसपास सगळ्यात जोरात. म्हणजे बाप्पा घरात आणि एल्क रंगात. घरचा तह आधीच करा. विसर्जनानंतर निघायचं ठरवलंत तर हेही बघा की चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेची आदली रात्र. लख्ख चांदण्यात कळप रात्रभर चरतो आणि उजाडायच्या आत काळ्या झाडीत शिरतो, सकाळची शिकार जेमतेम तासाभराची उरते. मी चतुर्थीच्या आधीचा, अमावस्येकडचा आठवडा घेतो. बुगल कमी ऐकू येतात, पण पहाटेचे दोन तास जास्त मिळतात आणि आरतीला घरी असतो. परवान्याचं म्हणाल तर २०२५ पासून बाहेरच्या राज्यातल्यांना पश्चिमेकडच्या भागात धनुष्याचं एल्क लायसन्स सोडतीतूनच मिळतं. तुम्ही रहिवासी असल्यामुळे मार्ग सोपा आहे, पण कुठलं युनिट (शिकारीसाठी आखलेला विभाग) कुठल्या लायसन्समध्ये येतं ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत स्वतः बघा, माझ्या किंवा कुणाच्या आठवणीवर जाऊ नका.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं आणि त्यातल्या पुढच्या बदलांनी शिकार बंद झाली, त्यामुळे हे ओझं वाहण्याचं ज्ञान आपल्या घरांत कुणाकडून येत नाही. इथला पोरगा बाराव्या वर्षी बापाबरोबर पहिला फरा वाहतो. म्हणून येत्या शनिवारी एक करा. मॉरिसन गावाशेजारी माउंट मॉरिसन आहे, साधारण दोन हजार फुटांचा खडा चढ. पाण्याचे कॅन भरून पंचवीस किलो पाठीवर घ्या आणि माथ्यावर जा. वर पाणी ओतून हलके होऊ नका, परीक्षा उतरतानाच आहे. खाली आल्यावर पाणी प्या, काहीतरी खा आणि तेच ओझं घेऊन पुन्हा वर जायला वळा. गुडघे तयार असले तर दोन मैलांचे अडीच करा. नसले तरी बिघडत नाही, रस्त्यापासून एका मैलावरही एल्क असतात. मला चौथा तिथेच मिळाला, गाड्यांचा आवाज येत होता.